ओल्या फळीवर झाकण

आज नेहमीसारखा कोडचा विषय नाही, लाकडाचा आहे. गेल्या वेळी मी सहज बोलून गेलो होतो की पावसाळ्यात दीड महिना गावी बसून एक होडी सुकवली. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, होडी सुकवायची म्हणजे नेमकं काय? तर आज तेच. गोष्टीत थोडी माझी लाजही आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव मालवणच्या बाजूला, किनाऱ्याला लागून. मी बीटेक करून पुण्यात नोकरीला, पण घरात मासेमारी काका आणि दादा करतात. दादा म्हणजे चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्यांची होडी जुनी, लाकडी. पूर्वी वल्ह्यावर आणि शिडावर चालायची, नंतर तिला मागे आऊटबोर्ड इंजिन लावलं. इंजिन लावायचं म्हणून मागचं टोक कापून तिथे सरळ उभी जाड फळी बसवली. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात. आमच्याकडे सरळ 'मागची फळी' म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. बाहेरून फणसाच्या दीड इंची फळ्या, आतून मरीन प्लायचा एक थर, आणि दोन्हीतून आरपार चार बोल्ट. त्या बोल्टांवर इंजिन.

आता या फळीवर काय जोर येतो ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पंखा पाण्यात खाली असतो. तो होडीला पुढे ढकलतो, पण ढकलतो खालून. म्हणजे इंजिनाच्या कंसाचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरची पकड फळीला मागे खेचते. दर लाटेला, दर वेळी थ्रॉटल दिला की हेच. तासन् तास कोणी तरी पहारीने खिळा उपटायचा प्रयत्न करतंय असं समजा. फळी सुकी, कडक असली तर काही होत नाही. ओली, कुजकी असली तर एक दिवस इंजिन बोल्टांसकट समुद्रात जातं. इंजिनाची किंमत लाखाच्या वर, आणि आमच्याकडे त्याचे हप्ते अजून चालू होते.

आता लाजेचा भाग.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो होतो. फळीच्या वरच्या कडेला रंग सुटलेला, बोल्टाभोवती काळे डाग. मी दोन व्हिडिओ बघितले, इपॉक्सी मागवलं आणि एका दुपारी आतून बाहेरून जाड थर मारून टाकला. वर पांढरा रंग. दिसायला शोरूमसारखी. काका पडवीत बसून बघत होते. ते म्हणाले, "झिला, आधी सुकूक तर दी. वरसून झाकण लावतंस आणि आत पेज आंबत ठेवतंस." मी हसलो. वॉटरप्रूफ म्हणजे वॉटरप्रूफ, असं माझं म्हणणं.

तुमच्यातले जे कोड लिहितात त्यांना एका वाक्यात सांगतो: मी एरर पकडून गप्प गिळून टाकणारा कोड लिहिला होता. लॉग स्वच्छ, आत सगळं जळतंय.

गेल्या एप्रिलमध्ये दादा जाळी ओढून परत येत होता. किनारा समोर दिसत होता. त्याला वाटलं, इंजिनाचा आवाज बदलला. वळून बघतो तर इंजिन मागेपुढे डुलतंय, फळीच्या वरच्या कडेला बोटभर फट उघडते आणि मिटते. त्याने थ्रॉटल सोडला, जाळ्याची दोरी इंजिनाला गुंडाळून पुढच्या आडव्या लाकडाला बांधली, आणि उरलेलं अंतर वल्हवत आला. रात्री फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "इंजिन वाचला." माझ्या थराबद्दल एक शब्द नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मे महिन्याच्या शेवटी होडी वर ओढली. आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, आणि आमचे लोक नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय खऱ्या अर्थाने पाण्यात उतरत नाहीत. म्हणजे वेळ मिळाला, पण कोणता? जून आणि जुलै. कोकणात लाकूड सुकवायला वर्षातला सगळ्यात वाईट काळ. मी वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि गावी आलो.

पहिलं काम, किती बिघडलंय ते बघणं. इंजिन काढलं, बोल्ट काढले. एका बोल्टाच्या भोकातून चहासारखं तपकिरी पाणी ठिबकायला लागलं. त्याचा वास अजून नाकात आहे. मग हातोडीच्या दांड्याने सगळी फळी ठोकत गेलो. चांगलं लाकूड टणटण वाजतं, ओलं किंवा कुजकं भदभद. खडूने भदभद जागांवर खुणा केल्या. मग टोच्या घेऊन तिथे टोचलं. जिथे टोच्या अडतो ते लाकूड नुसतं ओलं आहे, वाचेल. जिथे तो लोण्यासारखा आत जातो ते गेलं. हा फरक फार महत्त्वाचा. बरेच जण म्हणतात की सुकवलं की घट्ट होईल. नाही होत. बुरशीने लाकडातला ताकदीचा भागच खाल्लेला असतो. सुकवून फक्त खाणं थांबतं, खाल्लेलं परत येत नाही.

आतला प्लाय पूर्ण गेला होता, थर सुटून पुस्तकासारखी पानं उघडत होती. तो काढून फेकला. फणसाच्या फळ्या मात्र वरची चारेक इंच पट्टी सोडली तर टोच्याला दाद देत नव्हत्या. गावातल्या सुताराने बघितलं आणि म्हणाला, वरची पट्टी बदलू, बाकी सुकव.

वरचीच पट्टी का कुजली? मला वाटायचं समुद्राचं पाणी खालून शिरलं असेल. काकांनी मान हलवली. लाकूड खाऱ्या पाण्याने तितकं कुजत नाही, कुजतं ते पावसाच्या गोड्या पाण्याने. खाऱ्यात बुरशी सहज वाढत नाही. आमची होडी पावसाळाभर झावळ्यांखाली उभी असते, झावळ्या गळतात, आणि पाणी वरच्या कडेवर साचून बोल्टांच्या भोकात उतरतं. लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकाकडून, म्हणजे जिथे रेषा कापल्या जातात तिथून, कितीतरी जास्त वेगाने पाणी पितं. नळ्यांचा जुडगा उभा धरलाय असं समजा. भोकाच्या आत त्या नळ्यांची कापलेली तोंडं उघडी असतात. मी बाहेरून काच मारली आणि भोकं तशीच ठेवली. पाणी आत जायला वाट, बाहेर यायला नाही.

मग माझा थर काढला. दोन दिवस लागले. लावायला एक दुपार लागली होती.

आता आकडे. मी ऑनलाइन ओलावा मोजायचं यंत्र मागवलं, दोन सुया टोचायच्या आणि टक्के वाचायचे. पहिल्या दिवशी ते सरळ वरच्या टोकाला गेलं आणि तिथेच थांबलं. ही यंत्रं विजेचा अवरोध मोजतात. तीस टक्क्यांच्या वर त्यांच्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. शिवाय लाकडात मीठ असेल तर वीज सहज जाते आणि यंत्र आहे त्यापेक्षा जास्त ओलावा दाखवतं. आमच्या फळीत मिठाला काय तोटा!

म्हणून दुसरी पद्धत, जुनी आणि खरी. ड्रिलला गोल कटर लावून फळीतून बोटाच्या पेराएवढी गुल्ली काढायची, लगेच वजन करायचं, मग १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवायची, परत वजन. मी दागिने तोलायचा छोटा काटा घेतला, आणि ओव्हन आईचा, केकचा. पहिली गुल्ली ओली ६.४२ ग्रॅम, सुकी ४.५८. फरक १.८४. तो सुक्या वजनाने भागायचा, ओल्या नाही. चाळीस टक्के. म्हणजे दहा किलो सुक्या लाकडात चार किलो पाणी. आईने त्या ओव्हनमध्ये पुढे दोन महिने काही केलं नाही. म्हणाली, वास येतो.

आकड्यांचा अर्थ असा. साधारण अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या वर लाकडाच्या पोकळ्यांत मोकळं पाणी असतं. ते संपलं की पेशींच्या भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तेव्हाच लाकूड आकसतं. वीस टक्क्यांच्या खाली बुरशीचं खाणं थांबतं. आणि बंद करायचं असेल तर मी ठरवलं होतं, पंधराच्या खाली.

आता खरी गंमत, किंवा वैताग. लाकूड हवेशी तडजोड करतं. हवेत जेवढी आर्द्रता, त्याप्रमाणे ते एका आकड्यावर येऊन थांबतं. जुलैत आमच्याकडे हवेत नव्वद टक्के आर्द्रता सहज असते, आणि त्या हवेत लाकूड वीसच्या आसपास येऊन बसतं. तुम्ही वर्षभर पंखा लावा, खाली येणार नाही. पंखा हवा हलवतो, कोरडी करत नाही. पहिले दहा दिवस मी नेमकं तेच केलं, दोन पंखे लावून.

उपाय मला बारावीच्या भौतिकशास्त्रात मिळाला. हवेतली वाफ तेवढीच ठेवून तापमान वाढवलं की सापेक्ष आर्द्रता पडते. सत्तावीस अंशांची नव्वद टक्केवाली हवा सदतीस अंशांवर नेली की ती पन्नास टक्क्यांच्या जवळ येते. फक्त दहा अंश! त्या हवेत लाकूड दहाच्या आसपास यायला तयार असतं. मग होडीच्या मागच्या भागाभोवती बांबू आणि ताडपत्रीची खोली केली, आत शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब, खाली हवा यायला फट, वर जायला फट, आणि एक लहान पंखा. वरची फट विसरू नका. ती नसेल तर लाकडातून निघालेली वाफ आतच कोंडते आणि तुम्ही फळी वाफवत बसता, मोदकासारखी. बल्ब ताडपत्रीला टेकणार नाहीत असे तारेने बांधले, आणि रात्री झोपताना बंद. घराला आग लावून होडी सुकवण्यात हशील नाही.

मित्राने सुचवलं, हीट गनने एका दिवसात होईल. नको. वरचा पापुद्रा झटकन सुकतो, आकसतो, आत अजून फुगलेलं, मग वर चिरा पडतात. लाकडाच्या आतलं पाणी बाहेर सरकायला वेळ लागतो, आणि जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट होतो. म्हणून आतला प्लाय काढल्याचा मोठा फायदा झाला. फळी दोन्ही अंगांनी उघडी झाली, म्हणजे पाण्याला जायचं अंतर निम्मं. शिवाय आतल्या बाजूने खालच्या कडेजवळ तिरकी, खाली उतरणारी सहा मिलिमीटरची भोकं पाडली. पहिल्या दोन दिवसांत त्यातून थेंब पडले, मग थांबले.

तंबू बांधायच्या आधी मात्र काकांनी एक गोष्ट करायला लावली, जी मला वेडेपणा वाटली. "पयलो पाऊस तेका लागूक दी," म्हणाले. सुकवायची फळी पावसात! पण विचार केला तर पटलं. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं. फळीत मीठ राहिलं तर ती पूर्ण सुकतच नाही. तीन दिवस कोकणातला पाऊस तिच्यावर पडू दिला, मध्ये मध्ये ब्रशने घासली. तीनच दिवस, कारण गोडं पाणी म्हणजे बुरशीला आमंत्रण. मग बोरिक पावडर आणि टाकणखार गरम पाण्यात विरघळवून दोनदा फासलं. हो, कॅरमवर टाकतात तीच बोरिक. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. बुरशी मारायला हे चालतं, फक्त नंतर सुकल्यावर वर जे पांढरे कण उरतात ते पुसून काढावे लागतात, नाहीतर त्यावर इपॉक्सी नीट धरत नाही.

मग वाट बघणं. यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळी स्टँडअप कॉल, मग बल्ब, दुपारी कोड, संध्याकाळी सुया टोचून वहीत आकडा. लाईट जायची. एकदा दोन दिवस गेली आणि आकडा परत दोनने चढला. दादा रोज एकदा येऊन बघायचा, काही बोलायचा नाही, ताडपत्रीची दोरी घट्ट करून जायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, "दादा, ह्या माझ्यामुळे झाला." तो म्हणाला, "माका म्हायत हा." मग थोड्या वेळाने, "त्या वर्षी माझ्याकडे पैसे नव्हते सुताराक देऊक. मीच तुका हो म्हटलंय." एवढंच. परत दोरी आवळली.

जुलैच्या मध्यात यंत्र बावीस दाखवत होतं आणि हलत नव्हतं. मी हताश. मग दुसरी गुल्ली काढली. ५.१० ग्रॅमची ४.४० झाली, म्हणजे सोळा टक्के. यंत्र उरलेल्या मिठामुळे खोटं बोलत होतं. तुम्ही कधी हे करणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, समुद्रातल्या लाकडाला नुसत्या यंत्रावर सोडू नका. आणखी दहा दिवसांनी तिसरी गुल्ली, ४.९७ ची ४.३८. साडेतेरा. त्या संध्याकाळी बल्ब काढले.

बंद करण्याचं काम तीन दिवसांत झालं, पण त्यात चुका करायला भरपूर वाव आहे. सुताराने वरची कुजकी पट्टी पटाशीने कापून नवी फणसाची पट्टी जोडली. नवा प्लाय घेतला आयएस ७१० शिक्क्याचा. दुकानदार स्वस्तातला 'वॉटरप्रूफ' देऊ करतो, तो साधा असतो, शिक्का बघूनच घ्या. प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडांना बसवण्याआधी तीन हात इपॉक्सी दिला. तिथूनच तो पाणी पितो.

इपॉक्सी संध्याकाळी लावायचं, सकाळी नाही. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे, बारीक भोकं पडतात. संध्याकाळी लाकूड थंड होत जातं, हवा आकसते आणि राळ आत ओढून घेते. हे कळल्यावर मला दोन वर्षांपूर्वीची ती दुपार आठवली. दमट हवेत प्रत्येक थर सुकल्यावर त्यावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन काढायचा, मग पॉलिश पेपर, मग पुढचा थर. न धुता घासलंत तर तो पापुद्रा तुम्ही आत चोळता. आणि एका वेळी मोठा डबा कालवू नका. मी अर्धा लिटर एकदम कालवलं, दादाशी बोलत बसलो, आणि डब्यातून धूर निघायला लागला. खळ्यात नेऊन ठेवला, प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं. ते अजून आहे, पेनं ठेवायला.

सगळ्यात महत्त्वाची बोल्टांची भोकं. ती हवी त्यापेक्षा मोठी पाडली, आतून राळ पाजली, मग राळेत लाकडाचा भुगा कालवून घट्ट लापशी केली आणि भोकं पूर्ण बुजवली. सुकल्यावर त्या गुठळीच्या मधोमध बोल्टाच्या मापाचं नवं भोक. म्हणजे आता बोल्ट लाकडाला शिवतच नाही, त्याच्याभोवती प्लास्टिकची नळी आहे. सील कधी फाटलंच तरी पाणी नळीत जाईल, लाकडात नाही. भोकाच्या तोंडाशी जराशी खोलगट कड केली, तिथे पॉलिसल्फाइड भरलं. सिलिकॉन नाही, ते पाण्याखाली टिकत नाही आणि त्यावर पुढे काही चिकटत नाही. बोल्ट आधी हलके आवळले, सील धरल्यावर दुसऱ्या दिवशी पक्के. पहिल्याच दिवशी जीव खाऊन आवळलं तर सगळं सील बाहेर पिळून येतं. वर रंगाचे दोन हात, कारण उन्हात उघडं इपॉक्सी पिवळं पडून भुगा होतं.

बाकीच्या होडीला काकांनी नेहमीप्रमाणे काजूच्या टरफलाचं तेल लावलं. मागच्या फळीला मात्र हात लावला नाही. म्हणाले, "ती तुझी."

नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी इंजिन चढवलं. दादाने इंजिनाचा पाय धरून वर खाली जोर दिला, मी फळीकडे डोळे लावून बसलेलो. फळी हलली नाही, होडी हलली. मग तो एकटाच गेला. मला घेतलं नाही, आणि मीही मागितलं नाही. दीड तासाने परत आला, तेव्हा इंजिन चालू होतं.

आता एक सवय ठेवलीये. दर महिन्याला दादा पाच रुपयांच्या नाण्याने फळी ठोकतो, डावीकडून उजवीकडे, आणि व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतो. माझ्याकडे सगळे जपून ठेवलेत. हा जानेवारीतला, ऐका.

(नाणं लाकडावर: टण, टण, टण, टण.)

आणि हा गेल्या आठवड्यातला. शेवटचे दोन ठोके नीट ऐका, खाली पाणी सोडायच्या बुचापाशी.

(टण, टण, टण, टक. टक.)

तिथे मी त्या वेळी बुच काढून बघितलं नव्हतं. सुट्टीचा अर्ज टाकलाय. बल्ब आणि ताडपत्री माळ्यावर आहेत.